बटणं दाबली जात होती, पण ऐकत कोण नव्हतं: उद्यमनगरातल्या एका जीटीके बिल्डची पूर्ण केस

सकाळी साडेआठला काकांचा फोन. मी कोल्हापुरात राजारामपुरीत मिसळ समोर घेऊन बसलेलो, कट अजून यायचा होता. काका म्हणाले, "भावा, एक ओळ बदलायची हुती रं पोराला, आन् सगळा कॉम्प्युटरच झोपला. नुसती काळी स्क्रीन. तू ये की जरा."

मी विचारलं कसली ओळ. म्हणाले ते पुतण्याला ठाऊक, मला फक्त एवढं ठाऊक की दुपारी चारला गाडी लागणार आणि चार्टाशिवाय ती गाडी हलत नाही.

आता हे प्रकरण मी सविस्तर लिहितोय, कारण त्या दिवसभरात जे जे झालं त्यातली एकेक गोष्ट मी आधी वेगवेगळ्या ठिकाणी बघितलेली, पण सगळी एकाच मशीनवर एकाच रात्रीत कधी बघितली नव्हती.

शिवाजी उद्यमनगरात काकांचं मशिनिंगचं वर्कशॉप. कास्टिंग बाहेरनं येतं, इथं बोअर होतो, फिनिश होतो आणि गिऱ्हाइकाकडं जातं. प्रत्येक लॉटबरोबर बोअरच्या मापांचा चार्ट द्यावा लागतो, एक्स बार आर चार्ट, म्हणजे दर तासाला पाच नग मोजायचे, सरासरी आणि फरक काढायचा आणि रेषेवर ठिपके मांडायचे. त्यासाठी डिजिटल बोअर गेज सिरीयल पोर्टला जोडलेला आणि मापं वाचून चार्ट काढणारा एक छोटा प्रोग्रॅम, सी भाषेत लिहिलेला, खिडकी आणि बटणं जीटीकेची (खिडक्या-बटणं काढायची लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड), चार्ट कैरो या चित्रं काढायच्या लायब्ररीनं काढलेला. बऱ्याच वर्षांपूर्वी इथल्याच एका इंजिनिअरिंगच्या पोरानं प्रोजेक्ट म्हणून लिहून दिलेला, पोरगं आता पुण्यात, म्हणजे नेहमीचंच. सोर्सचा, म्हणजे मूळ कोडचा, बॅकअप सीडीवर होता, ती सीडी शाहूपुरीतल्या गोदामात, आणि २०१९ च्या पुरात गोदामासकट गेली. राहिलं ते एका जुन्या पीसीच्या हार्ड डिस्कवर.

जुन्या पीसीवर लिनक्स, त्यातलं उबंटू १२.०४. त्यात जीटीकेची ३.४ आवृत्ती येते. पण त्या पोराला एकाच खिडकीत पानं बदलणारा स्टॅक हवा होता, आणि तो विजेट, म्हणजे खिडकीतला तयार भाग, जीटीकेत आला ३.१० मध्ये, २०१३ च्या सप्टेंबरात. मग त्यानं काय केलं, जीटीके ३.१० स्वतः सोर्सवरनं बांधली (बिल्ड म्हणतात ते हेच). त्यासाठी जीटीके ज्यांच्यावर उभी असते त्या लायब्ररी, नवी जीलिब लागली, नवी कैरो लागली, पँगो लागली, तीही बांधली आणि सगळं यूएसआर-लोकल या फोल्डरमध्ये इन्स्टॉल केलं. माझं ऐकाल तर त्यात चूक काही नव्हती, यूएसआर-लोकल असतंच त्यासाठी, हातानं बांधलेलं तिथं ठेवायचं आणि डिस्ट्रोच्या, म्हणजे उबंटूबरोबर आलेल्या, फायलींना हात लावायचा नाही. पोरगं हुशार होतं. फक्त कुठं लिहून ठेवलं नाही.

जूनमध्ये जुन्या पीसीचा मदरबोर्ड गेला. डिस्क चांगली होती. काकांनी सेकंडहँड पीसी घेतला, पुतण्यानं त्यावर उबंटू २२.०४ टाकलं आणि यूएसबी केसमध्ये जुनी डिस्क घालून आपलं सगळं होम फोल्डर नव्या मशीनवर आणलं. डिप्लोमा झालेलं पोरगं, लेथवरपण चालतंय, कॉम्प्युटरवरपण. त्यानं जुनाच बांधलेला प्रोग्रॅम डबल क्लिक केला आणि उघडला की! खिडकी आली, पानं फिरली, बटणं चालली. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे. जुनं बाइनरी, म्हणजे बांधून तयार असलेला प्रोग्रॅम, नव्या मशीनवर नव्या जीटीकेबरोबर धडधाकट चालत होतं. जीटीके ३ च्या आवृत्त्यांमध्ये जुनं ते चालवायची काळजी घेतलेली आहे, ३.१० साठी बांधलेलं ३.२४ वर सहसा चालतं.

अडलं कुठं तर पोर्टवर. नव्या पीसीला सिरीयल पोर्ट नाही, म्हणून यूएसबीचा कन्व्हर्टर, आणि कन्व्हर्टरला लिनक्स टीटीवाय-यूएसबी-शून्य म्हणतो. प्रोग्रॅममध्ये टीटीवाय-एस-शून्य असं थेट लिहिलेलं. ही ती एक ओळ. (युडेव्हचा, म्हणजे लिनक्समध्ये जोडलेल्या यंत्रांना नावं देणाऱ्याचा, एक नियम लिहून नाव वळवता आलं असतं असं कोणी म्हणेल, बरोबर आहे, पण नव्या पार्टचा टॉलरन्सपण कोडमध्येच कोरलेला, त्यामुळं बिल्ड काही चुकत नव्हतं.)

पुतण्यानं ओळ बदलली, मेक मारलं, म्हणजे परत बांधायची कमांड दिली, आणि कोडचा प्रोग्रॅम करणारा कंपायलर म्हणाला जीटीके डॉट एच नावाची फाइल मिळत नाही. मग लागणाऱ्या लायब्ररी मशीनवर आहेत का बघणारी कॉन्फिगर स्क्रिप्ट चालवली, ती म्हणाली जीटीके-प्लस-३.० नावाचं पॅकेज सापडलं नाही, किमान ३.१० पाहिजे. पोराच्या डोक्यात साधा हिशोब: आत्ता तर खिडकी उघडली, म्हणजे जीटीके मशीनवर हाय, मग हे नाही कसं म्हणतंय? मला नंतर त्यानं हेच विचारलं, आणि प्रश्न चुकीचा नाही, मीपण पहिल्यांदा असाच चक्रावलेलो.

प्रोग्रॅम चालवायला लागते ती मुख्य फाइल लिब-जीटीके-३ डॉट एसओ डॉट शून्य, आणि ती डेस्कटॉपबरोबर आलेलीच असते. प्रोग्रॅम बांधायला मात्र आणखी तीन गोष्टी लागतात. हेडर फायली (लायब्ररीत काय काय आहे त्याची यादी) कंपायलरला, शेपटीला शून्य नसलेली डॉट एसओ नावाची लिंक तुकडे जोडणाऱ्या लिंकरला, आणि डॉट पीसी फाइल लायब्ररीचा पत्ता सांगणाऱ्या पीकेजी-कॉन्फिगला. डेबियन आणि उबंटू या तिन्ही वेगळ्या पॅकेजात ठेवतात, नावाच्या शेवटी डेव्ह असतं, आणि डेस्कटॉपबरोबर ते येत नाही, कारण शंभरातल्या नव्व्याण्णव लोकांना ते कधीच लागत नाही. इथं गरज होती ती लिबजीटीके-३-डेव्ह या एका पॅकेजची. एक कमांड. पाच मिनिटं. माझी मिसळपण गरम राहिली असती.

पण पोराला कोणीतरी सल्ला दिला की जुन्या मशीनवर चालत होतं ना, मग जुन्याचं यूएसआर-लोकल अख्खं उचलून नव्यावर टाक, सगळ्या लायब्ररी येतील. टाकलं. परत कॉन्फिगर. आता जीटीके सापडली! म्हणजे आधी तक्रार आली पिक्समन नाही, मग फाँटकॉन्फिग नाही, मग एक्स-इलेव्हन, ती ती छोटी डेव्ह पॅकेजं त्यानं एकेक करून टाकली, आणि शेवटी "चेकिंग फॉर जीटीके... येस". त्यानं मला तो स्क्रीनशॉट दाखवला, रात्री पावणेदहाचा, मित्रांच्या ग्रुपवर टाकलेला, खाली कोणाचंतरी "नाद खुळा".

आता त्या 'येस'चा अर्थ काय ते बघूया, कारण सगळं रामायण तिथंच आहे. कॉन्फिगर स्क्रिप्ट स्वतः काही शोधत नाही, ती पीकेजी-कॉन्फिगला विचारते. आणि पीकेजी-कॉन्फिग लायब्ररी उघडून बघतच नाही. तो फक्त डॉट पीसी नावाची एक मजकुराची फाइल शोधतो, दहा-पंधरा ओळींची, जी नोटपॅडमध्येपण वाचता येईल. मी ती उघडून पोराला दाखवली. पहिली ओळ प्रीफिक्स, बरोबर-चिन्हापुढं यूएसआर-लोकल. खाली व्हर्जन, ३.१० पासून सुरू होणारं. मग रिक्वायर्स, म्हणजे हिला अजून कोण कोण लागतं, त्यात कैरो वगैरे. मग लिब्ज, म्हणजे लिंकरला कुठला रस्ता आणि कुठलं नाव द्यायचं, आणि सीफ्लॅग्ज, म्हणजे कंपायलरनं हेडर कुठं बघायचे. झालं. पीकेजी-कॉन्फिग हा कागद वाचतो, आवृत्ती पुरेशी आहे का बघतो आणि 'येस' म्हणतो. कागदावर लिहिलेली लायब्ररी खरंच त्या मशीनवर चालेल का, याच्याशी त्याला घेणंदेणं नाही. सातबारा बघून जमीन घेतली आणि जाग्यावर गेलाच नाही, त्यातला प्रकार.

उबंटूत पीकेजी-कॉन्फिग यूएसआर-लोकल मधली फोल्डरं आपणहून बघतो, तीही डिस्ट्रोच्या फोल्डरांच्या आधी. वर पोराच्या होम फोल्डरबरोबर जुनी बॅश-आरसी, म्हणजे टर्मिनलच्या सेटिंगची फाइलपण आलेली, तिच्यात पीकेजी कॉन्फिग पाथ व्हेरिएबल यूएसआर-लोकलकडं वळवलेलं. म्हणजे या अवस्थेत त्यानं डेव्ह पॅकेज टाकलं असतं तरी जुनीच जीटीके पुढं आली असती. कंपायलरचंपण तेच, जीसीसी यूएसआर-लोकल-इन्क्लूड आधी बघतो.

मग मेक. इथं दोन प्रकारचे एरर एकदम आले. एक म्हणजे मल्टिपल डेफिनिशन, हेडर फाइलमध्ये खिडकीचा ग्लोबल पॉइंटर एक्स्टर्न न लावता लिहिलेला. जुना जीसीसी हे चालवून घ्यायचा, जीसीसी १० पासून नियम बदलला, आणि २२.०४ मध्ये जीसीसी ११ आहे. हा त्यानं स्वतः शोधून नीट दुरुस्त केला, त्याचं कौतुक. दुसरा एरर: एफएफआय-कॉल हे नाव सापडत नाही, आणि वर वॉर्निंग की यूएसआर-लोकल मधल्या लिब-जीऑब्जेक्टला लिब-एफएफआय डॉट एसओ डॉट सहा पाहिजे, ती मिळत नाही. बरोबरच आहे, १२.०४ मध्ये लिब-एफएफआय सहा नंबरची, २२.०४ मध्ये आठ नंबरची. तसंच लिब-पीएनजीचं, तिकडं १२, इकडं १६.

हा क्षण थांबायचा होता. लिंकर स्वच्छ सांगत होता की बाबा तू घेऊन आलास ती लायब्ररी या गावची नाही, तिचे पाहुणे-रावळे इथं कोण नाहीत. पण रात्रीचे साडेदहा, उद्या गाडी, आणि पोरगं हट्टाला पेटलेलं. त्यानं जुन्या डिस्कवरनं त्या लायब्ररीपण उचलल्या आणि यूएसआर-लोकल-लिब मध्ये टाकल्या. लिंक झालं. शून्य एरर.

प्रोग्रॅम उघडला, खिडकी आली, पण बटणं मेलेली. दाबली की आत जातात, वर येतात, होत काही नाही. "स्टार्ट"वर दाबलं तर माप येत नाही, "प्रिंट"वर दाबलं तर प्रिंट नाही. त्याला वाटलं की लायब्ररी अजून नीट "लागली" नाही. परत कुठंतरी वाचलं की नवीन लायब्ररी टाकल्यावर एलडीकॉन्फिग चालवायचं. चालवलं. त्यानंतर एकेक गोष्ट उघडायची बंद झाली, टेक्स्ट एडिटर नाही, फायलींची खिडकी नाही. मग आपण सगळेच करतो ते त्यानं केलं: रीस्टार्ट.

आणि सकाळी काकांचा फोन.

मी पोचलो तेव्हा काका दारातच. "रातभर जागलंय बघ पोरगं. म्या म्हणलं जाऊ दे, पेनानं काढू चार्ट, तर त्यो ऐकतोय हुय." पोरगं मान खाली घालून उभं, "दादा, फॉरमॅट मारूया का?" मी म्हटलं चहा सांग आधी.

काळ्या स्क्रीनवर कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबलं, अक्षरांचं लॉगिन आलं. म्हणजे मशीन जिवंत होतं, मेला होता फक्त डेस्कटॉप. लॉगमध्ये ओळीनं एकच रड: सिंबॉल लूकअप एरर, अमुक नाव मिळत नाही. त्यातलं एक नाव जी-मेमडप२. हे बघितलं आणि केस निम्मी सुटली, कारण हे फंक्शन जीलिबच्या २.६८ आवृत्तीत आलंय, आणि २२.०४ वर जीलिब २.७२ असते. २.७२ असताना हे नाव मिळत नाही म्हणजे कुठली तरी म्हातारी जीलिब मधे येऊन बसलीय. जीनोम-शेलवर, म्हणजे डेस्कटॉप दाखवणाऱ्या प्रोग्रॅमवर, एलडीडी चालवलं. ही कमांड सांगते की प्रोग्रॅमला लागणारी कुठली लायब्ररी नक्की कुठल्या फोल्डरातनं उचलली जाणार आहे. डझनभर ओळी यूएसआर-लोकल-लिब च्या. अख्खा डेस्कटॉप २०१३ सालच्या जीलिबवर उभा राहायला बघत होता. नेटपण गेलेलं, कारण नेटवर्क मॅनेजरपण जीलिबवरच चालतो. म्हणून पोराला रात्री मोबाइलवरनं शोधाशोध करावी लागली.

एलडीकॉन्फिगनं काय केलं ते पोराला सांगितलं. प्रोग्रॅम सुरू होताना लोडर नावाचा एक हमाल लायब्ररी गोळा करतो. तो दर वेळी डिस्कभर हिंडत नाही, एका तयार यादीवरनं उचलतो, आणि ती यादी एलडीकॉन्फिग बनवतं. यादीत उबंटू यूएसआर-लोकल-लिब ला डिस्ट्रोच्या फोल्डरच्या वर धरतं. एलडीकॉन्फिग चालवायच्या आधी यादीत म्हातारी जीलिब नव्हती, म्हणून गंमत अशी की रात्री अकराला पोराचा प्रोग्रॅम जुन्या जीटीकेशी लिंक होऊन चालत मात्र नव्या जीटीकेवर होता! कंपायलरनं जुने हेडर वाचले, लिंकरनं जुनी डॉट एसओ बघितली, लोडरनं नवी उचलली. आणि त्यानं एलडीकॉन्फिग हातानं चालवलं नसतं तरी फार दिवस टळलं नसतं. एखादी नवी लायब्ररी आणणारं पॅकेज, समजा प्रिंटरचं, टाकलं की पॅकेजं बसवणारा एप्ट शेवटी ते आपोआप चालवतो. मग महिन्यानं मशीन बसलं असतं आणि सगळ्यांनी प्रिंटरला शिव्या दिल्या असत्या.

म्हणजे चार जण आहेत आणि चौघं आपापल्या रस्त्यानं शोधतात: पीकेजी-कॉन्फिग, कंपायलर, लिंकर, लोडर. शिवाजी पेठेत चार चौकात उभं राहून "पाटलांचं घर कुठं" विचारा, चार पाटील मिळतील आणि चारी खरे. "सापडत नाही" हा एरर मला आवडतो, तो सज्जन एरर आहे, तिथंच थांबवतो. भीती वाटते ती "सापडली" म्हणाल्यावर, कारण कुठली सापडली हे कोणी आपणहून सांगत नाही, आपण विचारावं लागतं. पीकेजी-कॉन्फिगला मॉडव्हर्जन विचारा, आवृत्ती सांगतो. सीफ्लॅग्ज विचारा, रस्ता सांगतो. बांधून झालं की एलडीडी विचारा. तिन्ही उत्तरं एकाच गावची आली की मगच पुढं जायचं, मी तरी असंच करतो.

दुरुस्ती तशी दोन ओळींची. नव्या उबंटूवर यूएसआर-लोकल जवळजवळ रिकामंच असतं, म्हणून आत शोधत बसलो नाही, अख्खं फोल्डर नाव बदलून बाजूला केलं, त्याच नावाचं रिकामं बनवलं, एलडीकॉन्फिग परत चालवलं आणि रीस्टार्ट. लॉगिन आलं, मागं रंकाळ्याचा फोटो असलेला त्याचा डेस्कटॉप आला. काका म्हणाले, "झालं?" मी म्हटलं, "कॉम्प्युटर झाला, चार्ट अजून नाही."

बॅश-आरसीमधली ती पाथची ओळ काढली, नवा टर्मिनल उघडला, लिबजीटीके-३-डेव्ह टाकलं. मॉडव्हर्जन विचारलं, ३.२४.३३. प्रोग्रॅमच्या फोल्डरमध्ये मेक डिस्टक्लीन, म्हणजे जुनी मेकफाइल, जुन्या डॉट ओ फायली सगळं साफ. हे विसरू नका, कॉन्फिगरला मिळालेले रस्ते मेकफाइलमध्ये कोरलेले असतात, नुसतं मेक मारलं तर परत जुन्याच वाटेनं जातं. मग कॉन्फिगर, मेक. डेप्रिकेटेडच्या, म्हणजे हे आता जुनं झालं अशा, वॉर्निंगचा पाऊस पडला, पडू दे. एरर नाही. एलडीडी, सगळी लायब्ररी डिस्ट्रोच्या फोल्डरातली. उघडला. खिडकी आली.

बटणं मेलेलीच.

पोरगं हळूच म्हणालं, "बघा दादा, हेच हुतं रात्री."

खरं सांगतो, इथं माझंपण तोंड उतरलं. पण एक फरक होता, त्यानं रात्री आयकॉनवर डबल क्लिक करून उघडलेलं आणि मी टर्मिनलमधनं. टर्मिनलमध्ये ओळी आलेल्या, प्रत्येक बटणाला एक: अमुक सिग्नल हँडलर सापडला नाही, आर-डायनॅमिक लावून कंपाइल केलंय का? जीटीके चक्क प्रश्न विचारून उत्तर सांगत होती आणि ती ओळ वाचायला समोर कोणीच नव्हतं.

हे कशामुळं, तर या प्रोग्रॅमची खिडकी कोडमध्ये नाही, ग्लेडमध्ये, म्हणजे खिडकी रचायच्या प्रोग्रॅममध्ये, काढलेल्या एका एक्सएमएल फायलीत आहे. त्या फायलीत लिहिलंय की स्टार्ट बटण दाबलं की "ऑन स्टार्ट क्लिक्ड" नावाचं फंक्शन बोलवा. नाव म्हणून लिहिलंय, नुसता मजकूर. प्रोग्रॅम चालू झाल्यावर जीटीके ते नाव प्रोग्रॅमच्या स्वतःच्याच पोटात शोधते. पण लिंकर साधारणपणे आपल्या फंक्शनांची नावं बाहेरच्यांनी शोधावी अशा तक्त्यात ठेवत नाही, लायब्ररीची ठेवतो, प्रोग्रॅमची नाही. घर आहे, माणूस आत आहे, दारावर पाटी नाही. आर-डायनॅमिक दिलं की तो पाट्या लावतो.

मग जुनं बाइनरी कसं काय चालत होतं? सोर्स तोच, आता जीटीकेपण तीच. म्हणजे फरक बिल्डच्या कमांडमध्ये. मेकफाइलच्या साच्यात आर-डायनॅमिक कुठं नव्हतं, बघितलं. म्हणजे पुण्याच्या त्या भावानं ते कॉन्फिगर चालवताना हातानं दिलं असणार. आता हातानं दिलेलं कुठं लिहिलेलं असतं? कॉन्फिग डॉट लॉग मध्ये. ही फाइल लोक एरर आल्यावर शेवटून वाचतात, पण तिच्या अगदी सुरुवातीला कॉन्फिगर कुठल्या कमांडनं चालवलं ती ओळ जशीच्या तशी असते. नव्या मशीनवरची लॉग पुतण्याच्या कॉन्फिगरनं कधीच पुसलेली. जुनी डिस्क अजून टेबलावर, यूएसबी केसमध्ये, बोअर गेजच्या डब्याखाली.

डिस्क लावली, फाइल उघडली. वर ऑटोकॉन्फ (कॉन्फिगर स्क्रिप्ट बनवणारं साधन) २.६८ नं बनवल्याचा उल्लेख, आणि त्याखाली डॉलरचं चिन्ह आणि कमांड: कॉन्फिगर, प्रीफिक्स, आणि शेवटी एलडीफ्लॅग्ज बरोबर उणे आर-डायनॅमिक. पोरगं म्हणालं, "आयला!" एवढी वर्षं ती ओळ तिथं होती. पूर आला, सीडी गेली, मदरबोर्ड गेला, ती एक ओळ राहिली.

तसंच एलडीफ्लॅग्ज देऊन बांधलं असतं तरी चाललं असतं. पण परत कोणी कॉन्फिगर चालवणार आणि परत विसरणार, म्हणून कॉन्फिगर डॉट एसी मध्ये, म्हणजे ती स्क्रिप्ट ज्यावरनं बनते त्या फायलीत, जिथं जीटीके मागितलेली त्याच ओळीत, जीमॉड्यूल-एक्सपोर्ट-२.० हे नाव वाढवलं. या नावाची डॉट पीसी फाइल जीलिबबरोबरच येते आणि ती लिंकरला पाट्या लावायचा फ्लॅग स्वतः देते. म्हणजे लक्षात ठेवायचं काम माणसाकडनं काढून कागदाकडं दिलं. ऑटोरीकॉन्फ, कॉन्फिगर, मेक. यावेळी स्टार्ट दाबल्यावर परवानगी नाही असा डायलॉग आला, आणि मला इतका आनंद झाला, कारण बटण बोललं! पोर्ट उघडायला युजर डायलआउट ग्रुपात लागतो, घातला, लॉगआउट-लॉगिन, आणि गेजवरनं पहिलं माप स्क्रीनवर आलं.

मधे चहा पिताना पोरानं विचारलं की एवढं करायचं तर जीटीके ४ वरच का नको न्यायला, नवीन आहे ना. जीटीके ४ आली २०२० च्या डिसेंबरात, आणि तिथं पीकेजी-कॉन्फिगमधलं नावसुद्धा बदललं, जीटीके-प्लस-३.० मधला तो प्लस गेला, नुसतं जीटीके४. त्यामुळं दोन्ही एका मशीनवर शेजारी शेजारी राहतात, भांडत नाहीत, ३ आणि २ पण तशाच राहायच्या. पण ३ वरनं ४ वर जायचं म्हणजे नाव बदलून भागत नाही, कोडच बराच बदलावा लागतो, चार्ट काढायची पद्धत वेगळी, इव्हेंट वेगळे, ग्लेडची फाइल चालत नाही तशी. दुपारी चारला गाडी असताना तर नाहीच. मी म्हटलं दिवाळीनंतर बघू, तो म्हणाला कुठल्या दिवाळीनंतर, आणि काका हसले.

साडेतीनला चार्ट छापून निघाला. ठिपके रेषेच्या आत होते, एक सोडून. काकांनी तो एक ठिपका बोटानं दाखवला आणि लेथवरच्या माणसाला हाक मारली, त्यांचं खरं काम तिथं सुरू झालं.

मी निघताना पुतण्यानं तीन कमांडी एका कागदावर लिहिल्या, डेव्ह पॅकेजची, कॉन्फिगरची आणि एलडीडीची, आणि कागद सेलोटेपनं सीपीयूच्या कव्हरला आतनं चिकटवला, बाहेरनं लावला तर तेलाच्या हातानं दोन दिवसात जाईल म्हणून. सोर्सची एक कॉपी पेनड्राइव्हवर, एक माझ्याकडं. बाजूला केलेलं ते जुनं यूएसआर-लोकल मी काढून टाकूया म्हटलं तर तो नाही म्हणाला. "ऱ्हाऊ दे दादा, कवातरी लागलं तर." अजून आहे ते तिथं, नावापुढं "जुनं" लावून.